सँडी हूकचे पालक विरुद्ध रेमिंग्टन: एका केसची पूर्ण गोष्ट

२०२१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, न्यूटाउन गावच्या शाळाखात्याकडे एक समन्स गेलं. पाठवलं होतं रेमिंग्टन या बंदूक कंपनीच्या वकिलांनी. मागणी काय, तर पाच मुलांची प्रवेशाची कागदपत्रं, हजेरी, प्रगतीपुस्तकं, आणि शिस्तभंगाच्या काही नोंदी असतील तर त्या पण. ही पाचही मुलं पहिलीतली, सहा-सात वर्षांची, आणि समन्स निघालं तेव्हा सँडी हूक शाळेतल्या गोळीबारात त्यांना जाऊन साडेआठ वर्षं झाली होती. त्याच शाळेतल्या चार बायकांच्या नोकरीच्या फायलीही मागवल्या होत्या, त्याही त्याच दिवशी गेलेल्या.

माझी मोठी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेते. तिला हे सांगितलं तर ती जरा वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "अरे, पहिलीच्या पोराची शिस्तभंगाची नोंद म्हणजे काय असणार, शेजारच्याची पेन्सिल घेतली, मधल्या सुट्टीनंतर उशिरा आला, एवढंच ना?" मला कोर्टाची पद्धत माहीत आहे, नुकसानभरपाईचा आकडा काढताना गेलेला माणूस पुढे कसा जगला असता हे बघतात आणि त्यासाठी वकील असले कागद मागतात, हे सगळं मान्य. पण मेलेल्या लेकराचं प्रगतीपुस्तक कंपनीच्या वकिलाच्या टेबलावर जाणार हे ऐकल्यावर त्या आईबापांचं काय झालं असेल, ते मला अजूनही पचत नाही. या केसबद्दल सविस्तर लिहायचं मी तेव्हाच ठरवलं होतं, आज लिहितोय.

आधी घटना. १४ डिसेंबर २०१२, शुक्रवार, सकाळी साडेनऊच्या सुमाराला, सँडी हूक एलिमेंटरी स्कूल. वीस वर्षांचा एक मुलगा (त्याचं नाव लिहिणार नाही) आधी घरी स्वतःच्या आईला मारून शाळेत आला, कुलूप लावलेल्या दाराशेजारची काच गोळ्यांनी फोडून आत शिरला आणि पाच मिनिटांच्या आत १५४ गोळ्या झाडल्या. २० मुलं आणि शाळेतली ६ मोठी माणसं गेली. शेवटी त्याने स्वतःवर पिस्तुल चालवलं. केसचं अधिकृत नाव 'सोटो विरुद्ध बुशमास्टर' असं आहे (बुशमास्टर म्हणजे रेमिंग्टनच्याच मालकीची बंदूक कंपनी), त्यातली सोटो म्हणजे पहिलीची वर्गशिक्षिका, २७ वर्षांची, मुलांना वाचवताना गेली, तिच्या इस्टेटीच्या वतीने तिची आई कोर्टात उभी राहिली म्हणून ते नाव आधी लागलं.

हत्यार होतं बुशमास्टरची एक्सएम-१५ रायफल, एआर-१५ च्या जातीची, म्हणजे सैन्यातल्या एम-१६ ची नागरी बहीण. फरक इतकाच की सैन्यातली घोडा दाबून धरला की झाडतच राहू शकते, हिच्यात प्रत्येक गोळीला घोडा ओढावा लागतो. ३० गोळ्यांची मॅगझिनं लावलेली. त्याच्याजवळ दोन पिस्तुलं पण होती आणि गाडीत एक शॉटगन ठेवलेली होती, पण शाळेतला प्रत्येक जीव रायफलनेच घेतला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे केसमध्ये हिचाच आधार लागतो.

रायफल त्याची नव्हतीच. त्याच्या आईने मार्च २०१० मध्ये राज्यातल्याच एका दुकानातून घेतलेली, कागदपत्रं सगळी व्यवस्थित, दुकानदाराने नियम मोडला नव्हता, डिस्ट्रिब्युटरनेही नाही. म्हणजे आई कायद्याने बरोबर, ती मेली. मुलगा गुन्हेगार, तोही मेला. मग राहिलं कोण? कारखाना, घाऊक व्यापारी, दुकान. आणि या तिघांच्या पुढ्यात २००५ पासून एक केंद्रीय कायदा भिंतीसारखा उभा होता.

त्या भिंतीची गोष्ट थोडी मागून सांगावी लागेल, नाहीतर पालकांच्या वकिलांनी काय केलं त्याची किंमत कळणार नाही.

१९९८ च्या शेवटी न्यू ऑर्लिन्स आणि पाठोपाठ शिकागोने बंदूक कंपन्यांवर दावे लावले, बघता बघता तीसेक शहरं आणि काउंट्या त्यात उतरल्या. सिगारेट कंपन्यांना राज्यांनी नुकतंच गुडघ्यावर आणलं होतं, तसंच हेही होईल असं वाटत होतं. कनेटिकटमधलंच ब्रिजपोर्ट शहर त्यात होतं, महापौर स्वतः फिर्यादी, पण २००१ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कारखान्यातून निघालेली बंदूक आणि शहराचा झालेला खर्च यांच्यामध्ये इतके टप्पे आहेत की शहराला दावा लावायचा हक्कच पोचत नाही. इतर ठिकाणीही बरेच दावे असेच पडले. स्मिथ अँड वेसनने २००० साली क्लिंटन सरकारशी समझोता केला, सेफ्टी लॉक देऊ, दुकानदारांवर अटी घालू असं लिहून दिलं, तर बंदूकवाल्या गिऱ्हाइकांनीच त्या कंपनीवर असा बहिष्कार टाकला की ती मोडकळीला आली. मग दुसरी कुठली कंपनी कशाला पुढे येते.

एक केस मात्र वेगळी निघाली. २००२ मध्ये वॉशिंग्टनच्या आसपास दोघांनी लपून गोळ्या झाडून दहा माणसं मारली होती. ती रायफल बुशमास्टरचीच होती, हीच कंपनी, आणि ती टॅकोमा शहरातल्या एका दुकानातून गायब झालेली, ज्या दुकानात दोनशेच्या वर बंदुकांचा हिशोबच लागत नव्हता. मेलेल्यांच्या घरच्यांनी दावा लावला, २००४ मध्ये मिटला, दुकानाने २० लाख डॉलर दिले आणि बुशमास्टरने साडेपाच लाख. बंदूक बनवणाऱ्या कंपनीच्या खिशातून गुन्ह्याच्या बळींना पैसे निघाले म्हणून तेव्हा त्याची खूप चर्चा झाली.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००५ मध्ये, बुश यांनी 'प्रोटेक्शन ऑफ लॉफुल कॉमर्स इन आर्म्स ॲक्ट' वर सही केली. लोक त्याला 'प्लाका' म्हणतात. कायदा काय म्हणतो ते सरळ सांगतो, तिसऱ्या माणसाने बंदुकीचा गुन्ह्यासाठी गैरवापर केला तर त्याबद्दल बनवणाऱ्यावर किंवा विकणाऱ्यावर दिवाणी दावा चालणार नाही, राज्याच्या कोर्टात नाही आणि केंद्राच्याही नाही. सहा अपवाद ठेवलेत. मालच सदोष असेल तर दावा चालतो, दुकानदाराने धोकादायक माणसाच्या हातात जाणूनबुजून हत्यार दिलं तर चालतो, आणि कंपनीने मालाच्या विक्रीला किंवा मार्केटिंगला लागू असलेला एखादा राज्याचा वा केंद्राचा कायदा माहीत असून मोडला आणि त्यातून नुकसान झालं तर चालतो. तो शेवटचा अपवाद नीट वाचा, त्यात 'मार्केटिंग' हा शब्द आहे. पालकांची अख्खी केस शेवटी त्या एका शब्दावर उभी राहिली.

एक बाजू प्रामाणिकपणे मांडतो कारण माझ्या ओळखीतले भले लोक पण हेच बोलतात. दारू पिऊन कोणी गाडी अंगावर घातली तर गाडीच्या कंपनीवर केस करतो का? सुरा बनवणाऱ्यावर करतो का? माल कायदेशीर, बनवणं कायदेशीर, विकणं कायदेशीर, मधल्या माणसाच्या पापाचं ओझं कारखान्यावर कसं काय? हा युक्तिवाद पोकळ नाही, कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवतात की मध्येच दुसऱ्या कुणी स्वतःच्या मर्जीने गुन्हा केला की जबाबदारीची साखळी बहुतेक वेळा तिथे तुटते. कोणीही गंभीर वकील हे हसण्यावारी नेणार नाही, ब्रिजपोर्टच्या कॉस्कॉफ फर्मनेही नेलं नाही.

जॉश कॉस्कॉफ, पालकांचा वकील. डिसेंबर २०१४ मध्ये, मृत्यूबद्दल दावा लावायची दोन वर्षांची मुदत संपत आलेली असताना, दावा दाखल झाला. नऊ कुटुंबं, पाच मुलांची आणि चार मोठ्यांची, शिवाय सुरुवातीला जखमी होऊन वाचलेली एक शिक्षिका पण होती. समोर बुशमास्टर, तिची मालक रेमिंग्टन, घाऊक व्यापारी आणि दुकान. दाव्यात मुख्य दोन मुद्दे होते.

पहिल्या मुद्द्याला कायद्यात 'निग्लिजंट एन्ट्रस्टमेंट' म्हणतात, साध्या भाषेत, ज्याच्या हातात देऊ नये त्याच्या हातात देणं. झिंगलेल्या भावाला बाइकची किल्ली दिलीत आणि त्याने कोणाला उडवलं तर तुम्हीही अडकता, तसं. वकिलांचं म्हणणं असं की युद्धासाठी बनलेलं हत्यार सरसकट सगळ्या नागरिकांच्या बाजारात सोडणं हेच असं देणं आहे, कारण त्यातलं एखादं असल्या हातात पडणार हे कंपनीला कळत होतं. दुसरा मुद्दा कनेटिकटच्या १९७३ च्या व्यापारविषयक कायद्याचा, अनुचित व्यापारी प्रथांविरुद्धचा. त्यात दोन पोटभाग होते, एक म्हणजे असली रायफल नागरिकांना विकणंच अनुचित, आणि दुसरा म्हणजे ती ज्या पद्धतीने विकली, ज्या जाहिराती केल्या, त्या अनुचित.

आता जाहिराती बघू. बुशमास्टरची एक जाहिरात होती, काळी रायफल आडवी, शेजारी ठळक अक्षरात मजकूर, मराठीत सांगायचं तर 'तुमचं मर्दाचं कार्ड तुम्हाला परत मिळालं असं समजा'. २०१० च्या मे महिन्यात कंपनीने ही 'मॅन कार्ड'ची मोहीम काढली. वेबसाइटवर जायचं, मर्दानगीची परीक्षा घेणारे काही प्रश्न, पास झालात की कार्ड मिळणार. मित्र कुठे कमी पडला तर त्याचं कार्ड काढून घेता यायचं, का काढलं तेही लिहायचं. दुसऱ्या एका जाहिरातीत मजकूर असा की विरोधी फौजांनो, वाका, समोर एकटाच असला तरी संख्येने कमी तुम्हीच आहात. मी हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यासमोर तो वर्ग आला, छोट्या खुर्च्या, भिंतीवर चिकटवलेली चित्रं, आणि दारात एकटा. मला मान्य आहे की मी हे घटनेनंतर वाचतोय म्हणून तसं दिसतं. पण एकट्याने अनेकांवर मात करायची हीच कल्पना विकायला काढली होती हे तर त्या ओळीतच लिहिलंय, त्यासाठी मला काही जोडावं लागत नाही. मुलगा लहानपणापासून आर्मी रेंजर्समध्ये जायचं स्वप्न बघायचा असं दाव्यात म्हटलं होतं, आणि शूटिंगच्या व्हिडिओ गेममधून असल्या रायफलींची जाहिरात होते असाही आरोप होता.

शिकारीसाठी, निशाणेबाजीसाठी, घराच्या राखणीसाठी बंदूक विका, कायदा अडवत नाही. पण माणसांवर चाल करून जाण्यासाठी उत्तम, अशा सुरात विकायची का? हा प्रश्न आहे.

खालच्या कोर्टात न्यायाधीश होत्या बार्बरा बेलिस. एप्रिल २०१६ मध्ये कंपनीने कोर्टाला अधिकारच नाही म्हणून केस काढून टाका असा अर्ज केला, तो त्यांनी फेटाळला, पालकांना वाटलं चला सुरुवात झाली. ऑक्टोबरमध्ये त्यांनीच दावा काढून टाकला. कारण असं की फिर्यादीतला शब्दन् शब्द खरा धरला तरी तो कायद्याच्या चौकटीत बसत नाही, बाजारात माल सोडणं म्हणजे विशिष्ट माणसाच्या हाती देणं होत नाही, आणि व्यापार कायद्याखाली दाद मागायला तुमचा कंपनीशी काही व्यवहार तरी पाहिजे, तुम्ही गिऱ्हाईक नाही, स्पर्धक नाही, कोणीच नाही. हे वाचायला फार कठोर वाटतं पण तेव्हाच्या निकालांप्रमाणे त्या वावग्या वागल्या असं मी म्हणणार नाही. (याच न्यायाधीशांसमोर नंतर ॲलेक्स जोन्सची केस चालली, ही घटना घडलीच नाही, मुलं खोटी, पालक नट आहेत असं वर्षानुवर्षं सांगणारा माणूस, २०२२ मध्ये ज्युरीने त्याला ९६ कोटी ५० लाख डॉलर भरायला लावले. त्या केसमध्येही वकील कॉस्कॉफचीच फर्म होती. ती वेगळी गोष्ट, पण या कुटुंबांना एकाच वेळी काय काय सोसावं लागत होतं ते कळावं म्हणून सांगितलं.)

अपील राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेलं, नोव्हेंबर २०१७ ला युक्तिवाद झाले आणि मग सोळा महिने काही नाही. १४ मार्च २०१९ ला निकाल आला, ४ विरुद्ध ३.

हा निकाल लिहिला न्यायमूर्ती रिचर्ड पामर यांनी, आणि लोक समजतात तसा तो पालकांचा सरसकट विजय नाही. पहिला मुद्दा, चुकीच्या हातात देण्याचा, त्यांनीही नाकारलाच, कारण आईला विकताना ती धोकादायक आहे असं कोणाला माहीत होतं असा पुरावा नाही आणि अख्ख्या जनतेला 'धोकादायक हात' म्हणता येत नाही. नागरिकांना असली रायफल विकणंच अनुचित, हा पोटभाग पण गेला, आणि तो गेला मुदतीवर, व्यापार कायद्याची मुदत तीन वर्षांची, रायफल मार्च २०१० मध्ये विकलेली, दावा डिसेंबर २०१४ चा. म्हणजे दाव्यातले मोठे मोठे आरोप एकेक करून गळून पडले. उरलं काय, तर जाहिराती. जाहिराती घटनेच्या दिवसापर्यंत चालू होत्या असं फिर्यादीत असल्यामुळे तिथे मुदत आडवी येत नाही, आणि गिऱ्हाईक नसलात तरी असल्या मार्केटिंगमुळे तुमच्या माणसाच्या जिवावर बेतलं असेल तर तुम्ही दाद मागू शकता असं बहुमताने धरलं. मग 'प्लाका'चं काय? तर कनेटिकटचा व्यापार कायदा हा मार्केटिंगला लागू असलेला राज्याचा कायदा आहे, म्हणून तो अपवादात बसतो. भिंतीला ती फट होतीच, अमेरिकेच्या काँग्रेसनेच, म्हणजे संसदेनेच ठेवलेली, कॉस्कॉफच्या टीमने तिच्यात बोट घातलं.

मुख्य न्यायाधीश रॉबिन्सन यांचं विरोधी मत मी दोनदा वाचलं, आणि ते कमकुवत नाही हे सांगायला पाहिजे. ते म्हणतात, अपवादात जे कायदे अभिप्रेत आहेत ते बंदुकीच्या व्यापारासाठीच केलेले, प्रत्येक धंद्याला लागू असलेला सर्वसाधारण व्यापार कायदा त्यात घुसवला तर अपवादच कायदा गिळून टाकेल. केंद्रीय अपील कोर्टांनी आधी न्यूयॉर्क शहराच्या आणि कॅलिफोर्नियातल्या एका केसमध्ये हा अपवाद असाच आखडून वाचला होता. मला बहुमताचं वाचन पटतं, कारण संसदेला 'फक्त बंदुकीविषयीचे कायदे' असं लिहायचं असतं तर लिहिता आलं असतं, लिहिलं मात्र 'लागू असलेले'. पण तीन न्यायाधीशांनी उलटं वाचलं हे विसरून चालणार नाही.

कायदा शिकणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट. 'अनुचित' कशाला म्हणायचं हे ठरवायला कनेटिकटची कोर्टं जी कसोटी वापरत आलीत तिला 'सिगारेट रूल' म्हणतात, १९६४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सिगारेटच्या जाहिरातींसाठी जो नियम काढला त्यातून ती आली. वागणं सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का, अनैतिक वा निर्दयी आहे का, ग्राहकांना भरीव इजा करतं का. आपल्याकडे १९८४ मध्ये एमआरटीपी कायद्यात, मग ग्राहक संरक्षण कायद्यात आणि आता २०१९ च्या नव्या कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' हे शब्द आहेत, आपण ते फ्रिजची वॉरंटी आणि बिल्डरच्या ब्रोशरसाठी वापरतो. बंदुकीचा प्रश्न आपल्याकडे या रूपात उभा राहत नाही, १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली लायसन मिळवायला कलेक्टर नाहीतर पोलीस कमिशनरच्या ऑफिसात किती फेऱ्या घालाव्या लागतात ते ज्याने घातल्यात त्याला माहीत आहे. पण जाहिरात म्हणजे नुसती बडबड नाही, ती मालाचाच एक भाग आहे आणि तिच्यासाठी उत्तर द्यावं लागतं, हा विचार आपल्या ग्राहक आयोगात वकिली करणाऱ्यांनी जरूर उचलावा.

कंपनी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेली, नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांनी ऐकायला नकार दिला. आता कंपनीचे कागद उघडायची पाळी आली, अमेरिकेत याला डिस्कव्हरी म्हणतात, दोन्ही बाजूंना एकमेकांचे कागद मागता येतात. पालकांना हेच हवं होतं, की जाहिराती ठरवताना आत काय बोलणं झालं, कोणत्या वयाच्या पोरांवर डोळा होता, कोण कोणाला काय लिहीत होतं. कंपनीकडून आलं काय? पालकांच्या वकिलांनी कोर्टाला सांगितलं की हजारो फायलींच्या ढिगाऱ्यात १८ हजारांवर नुसती कार्टून चित्रं आहेत, आणि १५ हजारांवर फोटो आहेत लोक गो-कार्ट चालवतायत, डर्ट बाइक उडवतायत असले. ज्यांची पोरं पहिलीच्या वर्गात मारली गेली त्यांच्या वकिलाला कार्टून. याच दिवसांत ते प्रगतीपुस्तकांचं समन्सही गेलं.

दरम्यान रेमिंग्टन स्वतःच बुडत होती. १८१६ साली न्यूयॉर्क राज्यात सुरू झालेली, अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या बंदूक कंपन्यांपैकी एक. सर्बेरस नावाच्या गुंतवणूक कंपनीने २००६ मध्ये बुशमास्टर आणि २००७ मध्ये रेमिंग्टन विकत घेऊन सगळं एका छत्रीखाली आणलं होतं, आणि फिर्यादींचं म्हणणं होतं की त्यानंतरच जाहिरातींचा सूर चढत गेला. घटनेनंतर चारच दिवसांत सर्बेरसने आम्ही हा धंदा विकायला काढतोय असं जाहीर केलं, कारण त्यांच्यात कॅलिफोर्नियाच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाचा पैसा होता आणि शिक्षकांचा पैसा त्या रायफलीत गुंतलेला राहणार हे त्यांना सहन होईना. विक्री झालीच नाही. २०१८ मध्ये पहिली दिवाळखोरी, जुलै २०२० मध्ये दुसरी, आणि त्या वेळी कंपनीचे तुकडे करून विकले, गोळ्यांचा धंदा एकाला, कारखाना दुसऱ्याला, बुशमास्टरचं नाव तिसऱ्याला.

म्हणजे शेवटी पालक भांडत होते ती कंपनी जवळपास नावापुरती उरली होती. समोर खरे कोण होते, तर इन्शुरन्सवाले. हे समजून घ्या, कारण बातम्यांमध्ये हे एका ओळीत उरकतात. कंपनीने जबाबदारीचा विमा काढलेला असतो, कंपनी बुडाली तरी विम्याची पॉलिसी बुडत नाही. जुलै २०२१ मध्ये प्रत्येक कुटुंबाला सुमारे ३७ लाख डॉलर, एकूण ३ कोटी ३० लाखांच्या आसपास, अशी ऑफर आली. पालक थांबले. १५ फेब्रुवारी २०२२ ला सेटलमेंट जाहीर झाली, ७ कोटी ३० लाख डॉलर, तेव्हाच्या दराने साधारण ५५० कोटी रुपये. चार विमा कंपन्यांनी पॉलिसीत होतं नव्हतं तेवढं सगळं दिलं. आणि पालकांनी पैशाइतकीच महत्त्वाची एक अट लावून धरली, की कंपनीचे आतले हजारो कागद, मार्केटिंगचे आराखडे वगैरे, जगासमोर ठेवायचा हक्क आम्हाला राहील. सेटलमेंटमध्ये पैसे घेऊन तोंड बंद ठेवायची अट सर्रास असते, वकिलीत असणाऱ्यांना हे रोजचं आहे, त्यामुळे ही अट मिळवणं किती अवघड आहे ते त्यांना सांगायला नको. 'प्लाका' आल्यानंतर सामूहिक हत्याकांडाच्या केसमध्ये बंदूक कंपनीच्या बाजूने एवढी रक्कम पहिल्यांदाच निघाली.

बंदूक उद्योगाची जी संघटना आहे, नॅशनल शूटिंग स्पोर्ट्स फाउंडेशन, तिचं मुख्यालय घटनेच्या वेळी न्यूटाउनमध्येच होतं, शाळेपासून थोड्याच अंतरावर. त्यांचं म्हणणं, रेमिंग्टन आता अस्तित्वातच नाही, मिटवायचा निर्णय विमा कंपन्यांचा, यातून कायदा काही बदलत नाही, केस चालली असती तर रेमिंग्टनच जिंकली असती. शेवटच्या वाक्यावर मी वाद घालणार नाही कारण ते खरंच कोणाला सांगता येत नाही. पालकांच्या केसमध्ये कारणाचा दुवा जोडणं खूप कठीण होतं. रायफल आईने मार्चमध्ये घेतली आणि मॅन कार्डची मोहीम मे मधली, म्हणजे त्या मोहिमेने ती खरेदी झाली असं म्हणताच येत नाही. म्हणून वकिलांची मांडणी अशी होती की घरात इतकी हत्यारं असताना त्याने हेच उचललं, याच्यानेच मारलं, आणि ही निवड करताना त्या जाहिरातींनी रंगवलेलं चित्र त्याच्या डोक्यात होतं. मेलेल्या माणसाच्या डोक्यातलं ज्युरीसमोर सिद्ध करायचं! पामर यांनी निकालात एवढंच म्हटलं की ते ज्युरीने ठरवावं. ज्युरी कधी बसलीच नाही. कंपनीने चूक कबूल केली नाही, ज्युरीसमोर कोणाची साक्ष झाली नाही, तो प्रश्न तसाच उरला.

मला स्वतःला काय वाटतं? पालकांनी मिटवलं ते बरोबर केलं. दिवाळखोर कंपनीविरुद्ध निकाल घेऊन तो भिंतीवर लावायचा का, आणि त्यासाठी ज्यांनी आठ-नऊ वर्षं आपल्या पोराच्या शेवटच्या पाच मिनिटांचं वर्णन प्रत्येक अर्जात वाचलंय त्यांना अजून दोन अपिलं भोगायला लावायची का? दूर बसून 'तत्त्वासाठी लढायला हवं होतं' म्हणणं सोपं आहे. मला फक्त एक वाईट वाटतं, की सेटलमेंट म्हणजे नजीर (पुढच्या केसेसना लागू होणारा दाखला) नव्हे, राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल तेवढा पुढच्यांच्या हातात राहिला, आणि तो फक्त कनेटिकटला बांधील.

त्याचे परिणाम दिसले मात्र. न्यूयॉर्कने २०२१ मध्ये आणि न्यू जर्सी, कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये बंदूक उद्योगासाठीच खास कायदे केले, म्हणजे रॉबिन्सन ज्या प्रकारचा कायदा मागत होते तसा राज्यांनी लिहूनच ठेवला. विमा कंपन्यांनीही हे प्रकरण बघितलंच असणार, कारण पॉलिसी रिकामी झाल्याचं दुःख त्यांना कोर्टाच्या ताशेऱ्यांपेक्षा जास्त असतं. उलट दिशेनेही गोष्टी घडल्या. मेक्सिको सरकारने २०२१ मध्ये बॉस्टनला बंदूक बनवणाऱ्या सात कंपन्यांवर आणि एका घाऊक व्यापाऱ्यावर दावा लावला, तुमच्या बंदुका आमच्या टोळ्यांकडे पोचतात आणि तुम्हाला ते कळतं, असा. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो ९ विरुद्ध ० ने उडवला, निकाल न्यायमूर्ती केगन यांचा, म्हणजे उदारमतवादी गटातल्या न्यायाधीशाचा. कंपन्यांनी गुन्ह्याला मदत केली असं म्हणायला फिर्यादीत पुरेसं काही नाही, कोणता व्यवहार, कोणता दुकानदार, काहीच नेमकं नाही, असं त्या म्हणाल्या. दोन्ही केसेस शेजारी ठेवून वाचल्या तर फरक लख्ख दिसतो, मेक्सिकोने सगळ्या उद्योगाला धरलं, न्यूटाउनच्या पालकांकडे शेवटी एक कंपनी, एक मॉडेल आणि मोजक्या ओळी होत्या.

सेटलमेंट झाली त्याच्या तीन महिन्यांनी, २४ मे २०२२ ला, टेक्ससमधल्या उव्हाल्डे गावच्या प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. रायफल पुन्हा एआर-१५ च्या जातीची, कंपनी डॅनियल डिफेन्स, घेणारा अठरा वर्षांचा. बरोबर दोन वर्षांनी, २४ मे २०२४ ला, तिथल्या कुटुंबांनी दावे दाखल केले, टेक्ससमध्ये रायफलच्या कंपनीवर, आणि कॅलिफोर्नियात इन्स्टाग्रामच्या मालक मेटावर आणि कॉल ऑफ ड्यूटी गेम बनवणाऱ्या ॲक्टिव्हिजनवर, की पोरापर्यंत ही रायफल पोचवली कोणी. वकील, ब्रिजपोर्टचा कॉस्कॉफ.